अकरा नंबरची मादी

सर, तुम्ही गेलात त्याला आज दहा दिवस झाले आणि मला तुमच्यासाठी अजून रडू आलेलं नाही. उद्या कॉलेजात तुमची शोकसभा आहे. तुमची पहिली पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणून मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. प्राचार्यांनी फोनवर बजावलं, "मॅडम, चार चांगले शब्द बोला." चार चांगले शब्द! दोन दिवस शोधतेय. हाताला लागतात ते सगळे शिव्यांच्या जातीचे. म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं.

बाथरूमच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि डोकं नळावर आपटलं, एवढंच मला आधी कळलं. मग मेंदूला सूज आली आणि नवव्या दिवशी तुम्ही गेलात. वीस वर्षं उंदरांच्या मेंदूला सूज आणून ती मोजलीत, आणि शेवटी तिनेच नेलं तुम्हाला. बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? 'नराचा आलेख सरळ जातो.' तुमचंच वाक्य, सर. माणूस मेल्यावर असलं काही मनात यावं याची लाज वाटली मला. पण आलं ते आलं, आणि ते तुम्हीच माझ्या डोक्यात घातलं होतंत.

ब्याण्णव साली मी सटाण्याहून आले तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेचा एक नियम दारावर लिहिलेला नव्हता, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. प्रयोग फक्त नरांवर करायचा. मादीचं शरीर चार-चार दिवसांच्या चक्रात फिरतं, आज एक तर उद्या दुसरं, म्हणून तिचे आकडे धरायचे नाहीत. "मादी म्हणजे गोंधळ," तुम्ही म्हणायचात आणि वर्गातली पोरं खिदळायची. आम्ही तीन मुली होतो त्या वर्गात. आम्हीही हसायचो, कप्पाळ आमचं.

पण उंदीर पुरवणारा मोठा चतुर नव्हता. लहान पिल्लांत नर कोणता, मादी कोणती हे त्याला ओळखू यायचं नाही आणि नरांच्या पिंजऱ्यांतून दर खेपेला माद्या निघायच्याच. त्या परत पाठवायच्या तर भाडं अंगावर. मग त्या तुम्ही नव्या विद्यार्थ्यांना देऊन टाकायचात, हात बसवायला. जनावरांच्या दवाखान्यातून द्रव नायट्रोजनचं नळकांडं आणायचं, त्यात तांब्याची कांडी गार करायची, आणि गुंगी दिलेल्या उंदराच्या कवटीवर मोजून टेकवायची. आत मेंदूला तेवढीच जखम व्हायची. कांडी किती दाबायची, किती वेळ धरायची, हे बोटांना कळेपर्यंत माद्या. बोटांना कळलं की नर. तुमच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाने असंच शिकून घेतलं.

आणि हात बसवायच्या उंदरांची नोंद कोणी ठेवायचं नाही. मी ठेवली. माझा बाप कांद्याचा व्यापारी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या मालाचीही चिठ्ठी लिहिणारा माणूस. ती सवय माझ्या रक्तात. वहीच्या मागच्या पानांपासून उलट्या बाजूने मी माद्यांच्या नोंदी करत गेले. तुम्ही पुढून वही बघायचात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

खरं तर माद्यांचं वेगळेपण पहिल्यांदा माझ्याही लक्षात आलं नव्हतं. लक्ष्मणदादांच्या आलं. प्राणिगृह सांभाळणारे आपले हरसूलचे लक्ष्मणदादा, पाय न वाजवता चालायचे, उंदीर बिचकतात म्हणून. एकदा पिंजरे धुता धुता म्हणाले, "म्याडम, या बाया लय चिवट हायेत. नर दोन-दोन दिस पडून ऱ्हातो. या दुसऱ्या दिशी पाण्यापाशी हाय." मी म्हटलं, तुम्हाला कशावरून? तर म्हणाले, "पाण्याच्या बाटल्या मीच भरतो ना."

मग मी बघायला लागले. मेंदूचे पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, जखमेची कड आलेखाच्या कागदावर उतरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. डोळे फुटायची वेळ यायची. पण माद्यांचे चौकोन कमी भरायचे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सूजही कमी असायची. आणि जखमेभोवतीच्या तारकापेशी, फांद्या फुटलेल्या चांदणीसारख्या दिसणाऱ्या त्या पेशी, माद्यांमध्ये दाट कड धरून उभ्या असायच्या. पुस्तकांत तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं. विचार करणाऱ्या त्या चेतापेशी, आणि ह्या आपल्या मधली जागा भरायला, टेकू द्यायला.

अकरा नंबरची मादी तुम्हाला चावली होती, आठवतं? तुम्ही नुसते पिंजऱ्यापाशी उभे होतात, बोट आत घालून मला काहीतरी दाखवत. अंगठ्याला कडकडून चावली. तुम्ही "हरामखोर" म्हणालात आणि मला मनातून फार बरं वाटलं. तिला जखम केली त्या सकाळी मी तिचं चक्रही तपासलं होतं. मादीचं संप्रेरक, इस्ट्रोजेन, ऐन भरात असतं तो दिवस होता तिचा. सगळ्या वहीत सर्वांत लहान जखम तिची.

पंधरा दिवस तालीम करून मी तुमच्या केबिनमध्ये आले. वही उलटी धरून तुमच्यापुढे ठेवली. म्हटलं, सर, मला वाटतं हे इस्ट्रोजेनचं काम आहे, आणि ते थेट चेतापेशींवर नाही, या तारकापेशींवर होत असावं. कांदे साठवायच्या चाळीत एक कांदा सडला की त्याचं पाणी शेजारच्यांना लागतं आणि मग ढीगच्या ढीग जातो. वेळेवर कोणी ते पुसून घेतलं तर नुकसान एका कांद्यावर थांबतं. या तारकापेशी मेलेल्या पेशींतून गळणारं विष पुसून घेत असतील आणि इस्ट्रोजेन त्यांना त्या कामाला लावत असेल. इस्ट्रोजेन बनतं ते अंडाशयात, म्हणून अंडाशय काढलेल्या माद्यांवर एकदा करून बघू. फरक गेला तर माझं खरं.

तुम्ही पानं चाळलीत. चाळलीत म्हणजे सगळी चाळलीत, हे मला आता आठवतंय. अकरा नंबरपाशी अंगठा ठेवून थांबलात, अंगठ्यावर तिच्या चावण्याचा व्रण होता. मग वही मिटलीत. "अहिरे, इथे कांदे नकोत. हात बसवायच्या उंदरांचा हिशेब कोण ठेवतं?" मी काही म्हणणार तोच तुम्ही उठलात, डबा उचललात आणि निघून गेलात. नंतर कितीदा तरी मी विषय काढला, आणि दर वेळी माझं वाक्य अर्ध्यावर असताना तुम्ही उठलात. एकदा तर हातातला चहा तसाच टाकून उठलात. एवढं काय जळत होतं हो बुडाखाली?

प्रबंध नरांवरच झाला. सरळ, गुळगुळीत, कोणाला न दुखवणारा. बाहेरचे परीक्षक यायच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मागची पानं ठेवू नकोस. विचारलं तर मी तोंड घालणार नाही. तुझं तू बघ." आणि मी ब्लेडने पानं कापली. सर, इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की तुम्ही माझी पानं फाडलीत. खोटं आहे ते. ब्लेड माझं होतं, हात माझा होता, आणि चांगला बसलेला होता. लक्ष्मणदादांनी ती पानं पाणी तापवायच्या बंबात घातली. घालण्याआधी फक्त "सगळी?" असं विचारलं.

सुट्टीत घरी जाऊन मी आमच्या पडवीत रडत बसले होते. बापाला काय सांगणार, मेंदूची चांदणी? तरी सांगितलं. तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "हाई तुनं काम शे ना? मंग काबर रडस?" त्याला वाटलं, काम माझं आहे म्हणजे ते कुठे जात नाही, मग रडायचं कशाला. त्याला काय माहीत, बंबात गेलं होतं ते.

मग मला नोकरी लागली, मी इंदिरानगरात राहायला आले, तुमच्यापासून चार गल्ल्यांवर. आणि दोन हजार सालाच्या आगेमागे कधीतरी सायबर कॅफेत बसून बाहेरच्या नियतकालिकांचे सारांश वाचताना मला माझीच मागची पानं दिसली. सगळं तेच होतं. तारकापेशींवर इस्ट्रोजेनला ओळखणाऱ्या जागा असतात. इस्ट्रोजेन मिळालं की त्या गळणारं विष शोषून घेतात, सूज आवरतात, जखमी चेतापेशींना जगवणारी द्रव्यं सोडतात. आणि वर एक गोष्ट अशी, जी माझ्या स्वप्नातही नव्हती. मेंदूला जखम झाली की तिच्याभोवतीच्या तारकापेशी स्वतःच इस्ट्रोजेन बनवायला लागतात. नरातसुद्धा! ऐकताय ना? तुमच्या त्या सरळ रेषेच्या नरातसुद्धा. तुम्ही ज्या गोष्टीला गोंधळ म्हणून दाराबाहेर ठेवलंत, ती तुमच्या प्रत्येक उंदराच्या डोक्यात आधीपासून चालू होती.

ते लोक कुठल्या कुठे, त्यांच्याकडे यंत्रं, माणसं, पैसा. माझ्या मूठभर माद्यांवरून एवढं सगळं सिद्ध झालं नसतं, हे मलाही कळतं. पण सुरुवात झाली असती की नाही? मी त्या सारांशांच्या छापील प्रती काढून पाकिटात घालून तुम्हाला पाठवल्या. वर एक ओळही लिहिली नाही. तुमच्याकडून उत्तर नाही. रस्त्यात भेटलात तर "काय अहिरे, ठीक?" म्हणून स्कूटर पुढे.

आणि मग तो फोन. दोन हजार तीन. दुपारी मी पेपर तपासत होते. तुम्ही कधीच फोन न करणारे, इकडचं तिकडचं बोलायला लागलात. ऊन काय, लोडशेडिंग काय. मग म्हणालात, तुमच्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, गर्भपिशवीत गाठी आहेत, ऑपरेशन ठरलंय, पिशवी काढायची आहे. डॉक्टर म्हणतात पोट उघडतोच आहोत तर ओव्हऱ्याही, म्हणजे अंडाशयंही, काढून टाकू, पुढची कटकट नको. ओव्हऱ्या चांगल्या आहेत, घरात कोणाला कॅन्सर नाही. काकूंचं वय तेव्हा चव्वेचाळीस. आणि मग विचारलंत, "अहिरे, तुझ्या त्या माद्यांचं... नक्की काय दिसलं होतं?"

नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. आणि मी काय उत्तर दिलं? म्हटलं, "सर, हात बसवायच्या उंदरांचा हिशेब कोण ठेवतं?" आणि फोन ठेवला.

दोन मिनिटं इतकं छान वाटलं म्हणून सांगू. तिसऱ्या मिनिटाला मी परत फोनपाशी जाऊन उभी राहिले. कारण काकूंनी माझं काय वाकडं केलं होतं? तुमच्या घरी आले की मला आधी जेवायला बसवायच्या आणि मग विचारायच्या काम काय आहे. मी परत फोन करायला हवा होता. उद्या करू, परवा करू, आणि मग ऑपरेशन होऊन गेल्याचं कानावर आलं. काय काढलं, काय ठेवलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तुमच्या गल्लीवरून जायचं सोडलं, लांबच्या रस्त्याने भाजी आणायला लागले. काकू कुठे लग्नात दिसल्या की मी खांबाआड. पाच वर्षं हे चाललं होतं, सर. माझ्या एका टोमण्यापायी त्या बाईच्या डोक्यावरचं पांघरूण मी ओढलं की काय, या विचाराने मी किती वेळा उठून बसले आहे याची मोजदाद नाही. आणि प्रत्येक वेळी उठून बसले की तुम्हालाच शिव्या घातल्यात.

म्हणून तुम्ही गेल्यावर भेटायला यायलाही मला चार दिवस लागले. काकू पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. रडून रडून चेहरा सुजला होता, पण मला बघून म्हणाल्या, "मंगल, किती वाळलीस गं." मी पायाशी बसले. पाच वर्षं मनात साठलेलं बाहेर पडलं. म्हटलं, काकू, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी सरांनी मला फोन केला होता, मी वाईट बोलले, मला माफ करा.

काकूंना काही कळेना. "कुठलं वाईट? अगं, तू तर मला वाचवलंस असं हे म्हणायचे."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्या चक्क हसल्या. तुम्ही डॉक्टरांच्या टेबलापुढे बसून राहिलात म्हणे. ओव्हऱ्या चांगल्या आहेत, त्यांना हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणाले, अहो प्रोफेसर, कशाला? तर तुम्ही म्हणालात, माझ्या एका विद्यार्थिनीचं काम आहे. आणि मग तुम्ही त्या डॉक्टरांना मेंदूपासून सगळं ऐकवलंत, तारकापेशी काय, सूज काय. बाहेर पेशंटची रांग लागलेली. "मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं," काकू म्हणाल्या. "त्या डॉक्टरांना म्हणतात, अकरा नंबरची होती एक, इस्ट्रोजेन भरात असताना तिला इजा केली, तिची जखम सगळ्यांत लहान भरली. डॉक्टर म्हणाले, अकरा नंबर म्हणजे कुठल्या बेडची पेशंट? हे म्हणाले, उंदीर. डॉक्टर हसायलाच लागले. पण नाही काढल्या. हे ऐकतात थोडेच! ... कोण गं ती अकरा नंबरची?"

चावली म्हणून लक्षात राहिली असेल, असं एक क्षण वाटलं. पण चावल्याचं तुम्ही त्या डॉक्टरांना सांगितलं नाहीत. तिच्या चक्राचा दिवस सांगितलात. तो दिवस फक्त माझ्या मागच्या पानावर लिहिलेला होता, आणि ते पान बंबात गेल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. म्हणजे तुम्ही ते वाचलं होतंत. नीट वाचलं होतंत आणि पाठ ठेवलं होतंत.

काकूंच्या ओव्हऱ्या राहिल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी हुंदके दिले, आणि लोकांना वाटलं तुमच्यासाठी रडतेय. नव्हते रडत तुमच्यासाठी. घरी येईपर्यंत माझा संताप इतका चढला होता की कुलूप उघडेना.

कारण उंदरावरून बाईवर उडी मारायची नाही, हे मला शिकवणारे तुम्ही. आणि ती उडी मारलीत तुम्ही! स्वतःच्या बायकोसाठी, त्याच माद्यांच्या भरवशावर. माझ्या शब्दाचीही गरज लागली नाही तुम्हाला, मी फोन आपटला तरी. म्हणजे तुमचा विश्वास होता. चौऱ्याण्णव सालीही होता. बायकोचा जीव त्यावर टाकण्याइतका होता, आणि माझ्या वहीवर एक सही टाकण्याइतका नव्हता! डॉक्टरांपुढे 'माझ्या विद्यार्थिनीचं काम' म्हणताना जीभ वळली, मग ती माझ्यापुढे का वळली नाही? तुम्हाला ते चूक वाटलं म्हणून तुम्ही उठून गेलात, असं मी धरून चालले होते. त्यात एक समाधान होतं, की माणूस मूर्ख असू शकतो. आता तेही राहिलं नाही. तुम्हाला ते बरोबर वाटलं म्हणून तुम्ही उठून जायचात. घाबरट होतात हो तुम्ही. वीस वर्षांचे सरळ आलेख एका सटाण्याच्या पोरीच्या मागच्या पानाने वाकडे झाले असते.

आणि तरीही, काकूंना वाचवायला गेलात त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. माझं पाप तुम्ही माझ्या अंगावर राहू दिलं नाहीत, हे खरं. ते मला सांगितलं असतंत तर मी पाच वर्षं लांबच्या रस्त्याने भाजी आणली नसती. एक फोन. 'अहिरे, नाही काढल्या.' एवढंच तर बोलायचं होतं.

पडलात त्यानंतरच्या नऊ दिवसांचा विचार मी करते कधीकधी. तुमच्या डोक्यातही जखमेभोवती तारकापेशींनी कामाला सुरुवात केली असेल. इस्ट्रोजेन बनवायला घेतलं असेल, तुमची परवानगी न विचारता. पुरं पडलं नाही बिचाऱ्यांचं. पण नऊ दिवस त्यांनी तुम्हाला सोडलं नसणार, एवढं मी माझ्या कामावरून सांगू शकते.

उद्या चार वाजता सभा आहे. तुमचा फोटो हार घालून समोर खुर्चीवर ठेवणार आहेत. काकू पहिल्या रांगेत असतील. लक्ष्मणदादांना मी हरसूलला निरोप धाडलाय, ते येतो म्हणालेत. मी चांगले शब्द शोधणं सोडून दिलंय. पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या माणसाने काय बघितलं तिथून सुरुवात करेन, मग मागची पानं, मग ब्लेड कोणाचं होतं ते, मग अकरा नंबरची, तिच्या जखमेचे चौकोन, तिच्या चक्राचा दिवस, सगळं. पाच मिनिटांत होणार नाही. प्राचार्य घड्याळ दाखवतील, दाखवू देत. मी वाक्य पूर्ण करणार आहे, सर, आणि तुम्हाला उठून जाता येणार नाही.